तेरावा सेक्टर

चंदीगढला पोचतेस तू, सेक्टर 43 च्या बस अड्ड्यावर. खांद्यावर पिशवी, पिशवीत पुण्याहून आणलेला भाकरवडीचा डबा. सवयीने घेतलास. कुणासाठी घेतला, हे पानिपत मागे पडल्यावर ध्यानात आलं. उद्या तुझ्या धाकट्या दिराचा तेरावा आहे.

त्याच्यासोबत या रस्त्याने येताना तो दिल्लीपासून खोड्या काढायचा, फक्त पानिपतला गप्प बसायचा. 1761 मध्ये तिथे पडलेल्यांना हात जोडायचा. आज ते तू केलंस.

बाहेर रिक्षावाले हाका मारतायत. क्षणभर डोळे मीट.

1992. हा अड्डा अजून झालेलाच नाही. बस तुम्हां दोघांना सेक्टर 17 मध्ये सोडते आणि समोर स्कूटर घेऊन दीर उभा. गेल्याच वर्षी याने तुझं दार अडवलं होतं. घरात नणंद नाही, म्हणून आईचं लुगडं डोक्यावरून ओढून हाच माप ठेवलेल्या उंबऱ्यात आडवा उभा राहिला होता: ‘‘माझ्या मुलाला तुझी मुलगी देशील का गं?’’ वऱ्हाड हसून लोळलं. उखाणा विसरून तूही हसलीस, आणि सासरी आल्याची भीती तिथेच संपली. हे ऋण तू त्याला कधी बोलून दाखवलं नाहीस. दाखवायला हवं होतं.

आता 43 मधल्या त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळचा चहा होतो. तुला पुण्याची आठवण येतेय, हे त्याने ओळखलंय. तो चिठ्ठी लिहून देतो: ‘भाकरवडी. सेक्टर 13, दुकान नंबर 1.’

तू सायकलरिक्षा करतेस. सेक्टर 12 येतो, पीजीआय रुग्णालयाचा. रस्ता ओलांडलास की 14, पंजाब विद्यापीठ. मधला 13 कुठाय? तू चणेवाल्याला विचारतेस, मग एका विद्यार्थ्याला. तो हसू दाबत सांगतो, ‘‘दीदी, तेरा है ही नहीं.’’ ल कॉर्बुझिएच्या शहराने 12 नंतर थेट 14 मोजलेत. उन्हात, परक्या गावात तुझे डोळे भरून येतात, तोच मागून स्कूटरचा हॉर्न वाजतो. घरापासून तो पाठोपाठच होता.

‘‘चिडलीस, वहिनी? चल.’’

तो तुला रॉक गार्डनमध्ये नेतो. रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी 1957 पासून कितीतरी वर्षं लपूनछपून, फुटक्या बांगड्या, बशा, टाकाऊ सामान वेचून रचलेलं हे राज्य. 1976 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. बांगड्यांच्या तुकड्यांचा झगा घातलेल्या एका बाहुलीपुढे दीर थांबतो. ‘‘ही बघ, सेक्टर 13 ची मालकीण. दुकान बंद आहे म्हणते. पुढच्या वेळी तूच आण.’’

तू आणलीस, दर खेपेला. डबा उघडून तो गंभीरपणे विचारायचा, ‘‘तेरा नंबरची ना?’’

2020. फोन वाजतो. ‘‘वहिनी, मनीमाजऱ्याचं नाव सेक्टर 13 केलं! अठ्ठावीस वर्षं लागली, पण मी खोटारडा ठरलो नाही. ये लवकर, दुकान शोधू.’’ तू ‘येते’ म्हणालीस. मग टाळेबंदी आली, मग गुडघे, मग त्याचं दुखणं. मनीमाजऱ्याला जायचं राहिलंच.

उघड डोळे. रिक्षावाला पुन्हा विचारतोय, ‘‘कहाँ जाना है, माताजी?’’

घर इथून चालत दहा मिनिटांवर आहे. जाऊबाई वाट बघत असेल. तू तिला फोन करतेस, कुठे जातेयस ते सांगतेस. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग ती म्हणते, ‘‘थांबा तिथेच. मी पण येते.’’

ती येते. दोघी रिक्षात बसता, डबा मध्ये ठेवता.

‘‘सेक्टर तेरा,’’ तू सांगतेस.

रिक्षावाल्याला ते कळत नाही. जाऊबाई ‘मनीमाजरा’ म्हणते, तेव्हा तो निघतो.