पहाटेची नीरा, दुपारची ताडी

गोड रस आंबायला किती वेळ लागतो, हा प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो. आमच्या वर्ध्यात मात्र तो इतिहासाचा आहे.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं कार्यालय होतं आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस होते. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीला तिथं ताड-शिंदीच्या रसाचं कामही सुरू झालं. ते गजानन नाईक यांनी सांभाळलं.

नीरा काढणं म्हणजे उन्हाशी शर्यत. संध्याकाळी झाडाला छेद द्यायचा, आतून चुना लावलेलं मडकं बांधायचं आणि उजाडताच उतरवायचं. ताज्या रसात शंभरात दहा-बारा भाग साखर असते. चुना नसला आणि ऊन चढलं, की यीस्ट त्या साखरेवर तुटून पडतं. रस दुधाळ होतो, फेस धरतो, जिभेला चुरचुरतो. पहाटेची नीरा दुपारी ताडी झालेली असते.

ही चुरचुर जगात अनेकांना प्रिय आहे. जपानमध्ये तांदळाची साके जाडसर गाळून दुधाळ ठेवतात, तिला निगोरी म्हणतात. तिचा एक प्रकार तापवून निर्जंतुक करत नाहीत. आंबताना झालेला वायू त्यात राहतो आणि बारीक बुडबुडे येतात. रसिक ती थंड करून, घोट घोट घेतात. पण त्याच जपानमध्ये शेतकऱ्याची घरगुती, न गाळलेली साके सरकारनं १८९९ मध्ये बंद केली. दारूवरचा कर तिजोरीचा मोठा आधार होता. आपल्याकडेही इंग्रजांना ताडीत अबकारीचं उत्पन्नच दिसत होतं.

माझ्या धर्मात मद्य निषिद्ध. उर्दू गझलेतल्या प्याल्यावरच माझं भागतं. पण खजूर पाण्यात भिजवून केलेल्या नबीजचा उल्लेख हदीसमध्ये आहे : ताजं असेतो प्यावं, चढू लागलं की ओतून द्यावं. मगनवाडीतल्या मडक्याला हाच नियम होता.

गांधीजींनी या मडक्यात आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे झाडावर चढणाऱ्याची रोजी. दारूबंदी करायची तर त्याच्या हाताला दुसरं काम हवं. म्हणून सकाळी नीरा विकावी आणि उरलेली लगेच उकळून गूळ करावा, हा मार्ग. गुळाला आंबण्याची भीती नाही, आणि बांधा-नाल्याकाठच्या शिंदीला उसासारखी सुपीक जमीन लागत नाही. तेव्हा ही बंदी नुसती मनाई नव्हती. तिच्यामागं मजुरीचा हिशेब होता.

पुढं १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं नीरेची वेगळी व्याख्या केली : आंबू नये अशी तजवीज केलेल्या भांड्यात काढलेला, न आंबलेला रस. म्हणजे मगनवाडीचा चुना कायद्याच्या पुस्तकात पोहोचला. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. तरीही हातभट्टीवरच्या धाडींच्या बातम्या आपण इथल्या वर्तमानपत्रांत वाचतो. किती लिटर सडवा नष्ट केला, हे त्यात छापून येतं. झाडावरून मडकं उतरवणाऱ्यानं ते सकाळी कुठं विकायचं, हा मगनवाडीचा प्रश्न मात्र त्या बातमीत नसतो.