पिवळ्या दिव्याचा इतिहास : मोटरसायकलच्या टायरमधला सेन्सर का रुसतो?

१/
अलीकडच्या अनेक मोटरसायकलींच्या डॅशबोर्डवर टायरमधल्या हवेचा दाब आकड्यांत दिसतो. हवा कमी झाली की नालासारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागतो. ही टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम, म्हणजे टीपीएमएस. मात्र कधी हवा पुरेशी असूनही दिवा विझत नाही, तर कधी आकड्याच्या जागी नुसत्या रेघा उमटतात. हा बिघाड उलगडायचा असेल, तर यंत्रणेचा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. हवा, व्हॉल्व्ह, दाबमापक, रेडिओ आणि कायदा अशा थरांवर ती उभी आहे आणि प्रत्येक थराने आपापले दोष तिच्या पदरात टाकले आहेत. या धाग्यात ते थर क्रमाने पाहू.

२/
पहिला थर हवेचा. हवा भरलेल्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. तेव्हा मोटारच काय, आजच्या अर्थाची सायकलही नव्हती. हा टायर घोडागाडीसाठी होता. रबर महाग, गरज मर्यादित, त्यामुळे ही कल्पना विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टमधील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी असा टायर स्वतंत्रपणे तयार केला. थॉमसन यांचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द ठरले, पण धंदा त्यांच्या नावाने वाढला. १८९४ मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रँड उंड वोल्फम्युलर या कंपनीने मोटरसायकलचे उत्पादन सुरू केले, तेव्हा तिच्या चाकांत हवेचेच टायर होते.

३/
दुसरा थर व्हॉल्व्हचा. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेले जर्मन कारागीर ऑगस्ट श्रेडर यांची कंपनी रबरी वस्तू आणि पाणबुड्यांची उपकरणे बनवत असे. त्यांच्या नावाच्या व्हॉल्व्हचे पेटंट १८९३ मधले. नळीत एक स्प्रिंग आणि मधोमध एक पिन. पिन दाबली की वाट उघडते, सोडली की बंद होते. सव्वाशे वर्षे उलटली, तरी आपल्या मोटरसायकलीच्या चाकात मूलतः हाच व्हॉल्व्ह आहे. पुढे बिघाडाची चर्चा करताना ही पिन लक्षात ठेवावी. तिचा संबंध येणार आहे.

४/
तिसरा थर मोजमापाचा. फ्रेंच अभियंते युजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये वाकवलेल्या चपट्या धातूनळीचा दाबमापक सिद्ध केला. दाब वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. हा मापक वाफेच्या इंजिनांसाठी होता, पण त्याच तत्त्वावरचे काट्याचे मापक आजही पंक्चरच्या दुकानांत दिसतात. त्याआधी दीडशे वर्षे गियोम आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने दाखवून दिले होते, की बंदिस्त हवा तापली की तिचा दाब प्रमाणात वाढतो. टीपीएमएसविषयीच्या निम्म्या तक्रारींचे उत्तर या जुन्या नियमात सापडावे.

५/
एक हिशेब करून पाहू. ३० अंश तापमानाला टायरमध्ये ३६ पीएसआय, म्हणजे दुकानाच्या भाषेत ३६ पौंड हवा भरली. मापक वातावरणाचा दाब वगळून आकडा दाखवतो. त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की खरा दाब ५०.७ होतो. टायर धावून ६० अंशांपर्यंत तापला, तर मापक सुमारे ४१ दाखवेल. तीच गाडी थंडीच्या पहाटे १० अंशांत उभी राहिली, तर आकडा ३३ च्याही किंचित खाली उतरेल. हवेचा एक कणही आत आलेला नाही वा बाहेर गेलेला नाही. म्हणूनच डिसेंबरच्या सकाळी लागलेला आणि दहा किलोमीटरनंतर विझलेला दिवा हा बहुधा सेन्सरचा दोष नसतो. ‘थंड टायरची हवा मोजा’ या सूचनेमागचे कारणही हेच.

६/
चौथा थर इलेक्ट्रॉनिक. प्रवासी मोटारीत टायरच्या दाबाची देखरेख करणारी यंत्रणा प्रथम आली ती १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये. गाडी अतिमहाग, संख्या मोजकी. त्यामुळे पुढची अनेक वर्षे ही श्रीमंतांच्या गाडीतली नवलाई राहिली. सामान्य माणसाच्या गाडीत ती पोहोचली, त्यामागे मात्र एक दीर्घ आणि दुःखद प्रकरण आहे.

७/
फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांच्या अपघातांवर वृत्तांत प्रसारित केला. भरधाव वेगात फायरस्टोन टायरचा वरचा पट्टा सुटत होता आणि उंच बांध्याची गाडी उलटत होती. ९ ऑगस्ट २००० रोजी कंपनीने टायर परत मागवले. त्यांतले सुमारे ६५ लाख तेव्हा रस्त्यावर असावेत, असा अंदाज होता. पुढे अमेरिकी रस्ते सुरक्षा प्रशासनाने या टायरांशी २७१ मृत्यूंचा संबंध जोडला.

८/
दोष कोणाचा, यावर दोन्ही कंपन्यांत उघड भांडण झाले. टायर सदोष, असे फोर्डचे म्हणणे. गाडीची रचना आणि शिफारस केलेला कमी दाब यांकडे फायरस्टोनचे बोट. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआयची शिफारस केली होती. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, अधिक तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. मे २००१ मध्ये दोन्ही घराण्यांचे जवळपास शतकभराचे व्यापारी नाते तुटले. वाद मिटला नाही, पण एक गोष्ट स्पष्ट झाली : हवा कमी झाली आहे, हे चालकाला कळण्याचा कोणताही मार्ग गाडीत नव्हता.

९/
१ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘ट्रेड’ कायद्यावर सही केली. लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून टायरच्या नक्षीचा पट्टा या अर्थाचा शब्द मुद्दाम साधलेला. नव्या गाड्यांत कमी हवेची सूचना देणारी यंत्रणा बसवण्याचा नियम करा, असा त्यात आदेश होता. २००२ च्या नियमाने उत्पादकांना एक स्वस्त पळवाट दिली. एबीएसचे चाकगती मोजणारे सेन्सर वापरून कोणते चाक इतरांपेक्षा जलद फिरते हे पाहायचे, कारण हवा गेलेल्या चाकाची त्रिज्या घटते. ही अप्रत्यक्ष पद्धत. चारही टायरांची हवा सारखीच उतरली, तर तिला काहीच कळत नाही. ग्राहक संघटना न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २००३ मध्ये अपील न्यायालयाने केवळ एका टायरची सूचना पुरेशी मानणारा पर्याय कायद्याशी विसंगत ठरवला.

१०/
२००५ चा सुधारित नियम असा : कोणत्याही टायरचा दाब शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली गेला, की २० मिनिटांच्या आत पिवळा दिवा लागला पाहिजे. यंत्रणाच बिघडली, तर तो आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकावा आणि मग स्थिर राहावा. सप्टेंबर २००७ पासून हा नियम हलक्या नव्या गाड्यांना पूर्णपणे लागू झाला. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना असा नियम लावला. भारतात २०२० मध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना, ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच आणि टीपीएमएस असल्यास, जादा चाक न ठेवण्याची मुभा मिळाली.

११/
या संपूर्ण इतिहासात मोटरसायकल कोठे आहे? अमेरिकेच्या त्या नियमात ती नाही. चारचाकीचा एक टायर फुटला तरी तीन चाके उरतात. दुचाकीला ती सवलत नाही. तरीही तिच्याकडे ही यंत्रणा आली ती कायद्याने नव्हे, महागड्या प्रवासी मोटरसायकलींच्या स्पर्धेतून. २००७ च्या सुमारास कावासाकीच्या १४०० जीटीआरवर आणि बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्यांवर ती दिसू लागली. अप्रत्यक्ष पद्धत येथे फारशी उपयोगाची नाही. तुलनेला दोनच चाके, तीही बहुधा निरनिराळ्या मापांची. शिवाय वळणावर गाडी कलली की गोलाकार टायरची परिणामी त्रिज्या बदलते. म्हणून दुचाकीवर प्रत्यक्ष सेन्सर लागतो.

१२/
हा सेन्सर रिमच्या आत, व्हॉल्व्हच्या मुळाशी बसतो. त्यात सिलिकॉनचा सूक्ष्म दाबमापक, तापमापक, चाक फिरते का हे ओळखणारा भाग, रेडिओ प्रक्षेपक आणि लिथियम बॅटरी असते. बॅटरी वाचवण्यासाठी तो उभ्या गाडीत झोपी जातो. बीएमडब्ल्यूच्या यंत्रणेत गाडीने ताशी ३० किलोमीटरचा वेग एकदा ओलांडल्याशिवाय तो आकडा पाठवतच नाही. त्यामुळे पार्किंगमध्ये दिसणाऱ्या रेघा हा बिघाड समजू नये.

१३/
आता तपासणीचा क्रम. पहिली पायरी : सेन्सरवर संशय घेण्याआधी हवेवर घ्यावा. गाडी काही तास उभी ठेवून, थंड टायरची हवा विश्वासू हातमापकाने मोजावी. ती कमी असेल तर दिवा खरे बोलतो आहे. साबणाचे पाणी टायरच्या नक्षीवर, रिमच्या कडेला आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर लावावे. बुडबुडे कोठे येतात ते दिसेल. श्रेडरची ती पिन सैल असणे हे गळतीचे नेहमीचे आणि सर्वांत स्वस्त कारण.

१४/
दुसरी पायरी : हातमापक आणि डॅशबोर्ड यांच्या आकड्यांत फरक असेल तर पुस्तिका वाचावी. बीएमडब्ल्यूच्या मोटरसायकलींवर दिसणारा दाब २० अंश तापमानाला आणून दाखवलेला असतो. पंपाचा मापक मात्र त्या क्षणीचा दाब दाखवतो. तापलेल्या टायरवर पंपाचा आकडा मोठा दिसला म्हणून हवा सोडली, तर थंड झाल्यावर ती कमी पडेल. उंचीचाही प्रश्न आहे. सेन्सर बंदिस्त टायरातला निव्वळ दाब मोजतो. त्यातून समुद्रसपाटीचाच वातावरणदाब वजा करणारी यंत्रणा खारदुंग ला येथे हातमापकापेक्षा सुमारे ७ पीएसआय कमी दाखवेल, कारण ५,३५९ मीटर उंचीवर वातावरणाचा दाब जवळपास निम्मा असतो.

१५/
तिसरी पायरी : रेघा हलत नसतील तर रेडिओ आणि बॅटरी. दोन्ही चाकांचे आकडे एकदम गेले, तर गाडीतल्या ग्राहक भागावर किंवा नव्याने बसवलेल्या मोबाइल चार्जरवर संशय घ्यावा. स्वस्त चार्जर रेडिओ लहरींत गोंगाट करतात. तो काढून काही किलोमीटर गाडी चालवून पाहावी. एकाच चाकाचा आकडा गेला आणि गाडी सात-आठ वर्षांची असेल, तर बॅटरी संपली असण्याची शक्यता मोठी. मूळ सेन्सरची बॅटरी बहुधा आत सीलबंद असते, त्यामुळे अख्खा सेन्सर बदलावा लागतो. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळखक्रमांक असतो. नवा क्रमांक गाडीला शिकवला नाही, तर नवाकोरा सेन्सरही तिला परकाच. अमेरिकेत ३१५, तर युरोपात व भारतात ४३३ मेगाहर्ट्झ लहरी वापरतात, हेही खरेदीआधी पाहावे.

१६/
चौथी पायरी : नुकतेच टायरचे काम झाले असेल, तर तेथूनच सुरुवात करावी. टायर काढताना पट्टीचा एक चुकीचा दाब सेन्सर मोडतो. म्हणून कारागिराला तो आत असल्याचे आधीच सांगावे. पंक्चर बुजवणारे द्रव त्याचे सूक्ष्म छिद्र बुजवू शकते. व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे बाहेरचे सेन्सर स्वस्त आणि बॅटरी बदलण्याजोगे, पण ते पिन सतत दाबून धरतात. म्हणजे १८९३ च्या व्हॉल्व्हचे राखणीचे काम त्या टोपीतल्या छोट्या वॉशरवर येते. शिवाय वेगात ते वजन रबरी व्हॉल्व्हला बाहेर ओढते. तेथे धातूचा व्हॉल्व्ह असावा आणि वॉशर अधूनमधून तपासावा.

१७/
एक प्रकरण फारसे सांगितले जात नाही. २०१० मध्ये रटगर्स आणि साउथ कॅरोलिना विद्यापीठांतील संशोधकांनी मोटारीतील अशा सेन्सरचे संदेश सुमारे ४० मीटरवरून ऐकून दाखवले आणि खोटे संदेश पाठवून धावत्या गाडीत दिवा लावूनही दाखवला. संदेश खरा की बनावट, हे तपासण्याची सोयच त्यांत नव्हती. सुरक्षेसाठी सक्तीचे केलेले साधन स्वतः किती सुरक्षित आहे, हा प्रश्न कायदा करताना कोणाच्या यादीत नव्हता.

१८/
शेवटचा मुद्दा २५ टक्क्यांचा. ३६ पीएसआयच्या टायरला हा हिशेब लावला, तर दिवा २७ ला लागेल. ३६ ते २७ या टप्प्यात यंत्रणा गप्प असते. ही रेषा २००५ मध्ये उत्पादक, प्रशासन आणि न्यायालय यांच्या रस्सीखेचीतून चारचाकीसाठी आखली गेली. दुचाकीवरच्या सूचनेची मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून ती आपल्या पुस्तिकेत पाहून ठेवावी. दिवा लागला तर त्यामागे २७१ मृत्यूंचा इतिहास आहे, त्याची उपेक्षा करू नये. दिवा लागला नाही, तरी महिन्यातून दोनदा थंड टायरला हातमापक लावावा. बूर्दाँच्या त्या वाकड्या नळीला बॅटरी लागत नाही.

आपल्या गाडीवर असा दिवा कधी लागला असेल, तर कारण काय निघाले ते खाली जरूर लिहावे.

(धागा समाप्त)