तळटीप १४ : असईचे रण

लेखक ज्या रणभूमीची नोंद करायला निघाले ती असई जालना जिल्ह्यातच, केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ आहे. त्या मोहिमेतले बदनापूरही नोंदवहीत हवे होते. सप्टेंबर १८०३ च्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले; पुढे २१ तारखेला कंपनीचा सेनापती वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापुरी भेटले व दोन वाटांनी चाल करायचे ठरले. २३ तारखेला वेलस्ली स्टीव्हन्सनविनाच दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांसमोर आला. कंपनीचे ४२८ ठार, १,१३८ जखमी झाले, हे आकडे दप्तरात चोख आहेत. मराठ्यांच्या ९८ तोफा गेल्या, त्यांचीही मोजदाद झाली. त्या तोफांपाशी अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या गोलंदाजांची नावे मात्र कोणी टिपली नाहीत. पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झालेल्या वेलस्लीची कीर्ती याच रणातून वाढली आणि आपली माणसे निव्वळ अंदाजी संख्येत उरली, हे संपादकाला फार लागते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर निदान भारतीय शिपायांची नावे कोरलेली आहेत. असईच्या गोलंदाजांच्या वाट्याला तेही नाही; म्हणून असईला जाणाऱ्याने छायाचित्रांवर न थांबता गावातल्या वडीलधाऱ्यांकडून शेतांची, ओढ्यांची, नदीच्या उतारांची जुनी नावे लिहून घ्यावीत. लढाईचे नकाशे त्यांवाचून जमिनीवर बसत नाहीत.

जालन्याच्या टाऊन हॉल परिसरातील हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांचे स्मारक हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे आहे, असईच्या लढाईचे नाही; त्याची नोंद स्वतंत्र करावी.