शब्दवेध : वर्त्म

डोळ्यांवर ओघळलेली कातडी कापून पापणी नीट करण्याच्या शस्त्रक्रियेला डॉक्टर ब्लेफरोप्लास्टी म्हणतात. ग्रीकमध्ये ब्लेफरॉन म्हणजे पापणी. जर्मन शल्यविशारद फॉन ग्रेफे यांनी हे नाव 1818 मध्ये वापरले, तेही सौंदर्यासाठी नव्हे, बिघडलेली पापणी पुन्हा घडवण्यासाठी.

आपला शब्द त्याहून कितीतरी जुना. सुश्रुतसंहितेत पापणी म्हणजे ‘वर्त्म’. याच शब्दाचा दुसरा अर्थ मार्ग, आणि त्यावरूनच आपली ‘वाट’ आली. कोकणातल्या खारेपाटणला हा शब्द विशेष शोभतो: शिलाहार राजा रट्टराजाच्या शके 930 च्या ताम्रपटाचे हे गाव, खाडीच्या आणि घाटाच्या वाटांवर वाढलेले.

पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागले, तर सुश्रुत सांगतो: भुवईखाली दोन भाग सोडा, केसांकडचा एक भाग राखा आणि मधली कातडी जवाच्या दाण्याच्या आकारात कापून केसाने शिवा. आजचा सर्जनही वरच्या पापणीतून लांबट तुकडाच काढतो. व्रण घडीत लपतो. हे वाचून मी थक्क झालो.

स्टँडवर एसटीची पाटी वाचण्यासाठी एखादी आजी बोटाने पापणी वर उचलते, तेव्हा ही शस्त्रक्रिया हा नटण्यामुरडण्याचा प्रश्न उरत नाही. नजर अडत असेल, तर ‘वय झालां’ म्हणून घरी बसवू नका. पापणी उचलणारा स्नायू सैल झाला असेल, तर उपचार वेगळा असतो. आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.