सभागृहाच्या ध्वनीचे गणित

सभागृहात उच्चारलेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचेल की नाही, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बांधकाम पूर्ण झाल्यावरच कळत असे आणि म्हणून वास्तुविशारद नावाजलेल्या जुन्या सभागृहांचे अनुकरण करून यशाची आशा बाळगत. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृह १८९५ मध्ये वापरात आले, तेव्हा तेथे एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही; तेवढ्या अवधीत वक्त्याची पुढची बारा-पंधरा अक्षरे उच्चारून होत आणि ती सारी एकमेकांत मिसळून जात. हा दोष दूर करण्याचे काम भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक वॉलेस क्लेमंट सॅबिन यांच्याकडे सोपवण्यात आले.

मूळ ध्वनी थांबल्यावरही भिंती, छत व जमीन यांवरून परावर्तित होऊन तो खोलीत रेंगाळतो, याला निनादन म्हणतात. बाहेरचा गोंगाट मोजमापात येऊ नये म्हणून सॅबिन रात्री प्रयोग करत. ऑर्गनच्या नळीचा स्वर बंद केल्यापासून तो ऐकू येईनासा होईपर्यंतचा काळ ते मोजत आणि जवळच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या आणून त्यांची संख्या वाढवत नेली असता हा काळ किती घटतो, याची नोंद ठेवत. उघड्या खिडकीतून बाहेर गेलेला ध्वनी परतत नसल्याने तिचे क्षेत्रफळ त्यांनी ध्वनिशोषणाचे माप मानले. निनादनकाल खोलीच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि एकूण शोषणाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, हा नियम १८९८ मध्ये त्यांच्या हाती आला.

फॉगच्या व्याख्यानगृहात नमदा लावल्यावर ते वापरण्याजोगे झाले, उत्कृष्ट मात्र झाले नाही. याउलट बॉस्टनच्या सिंफनी हॉलसाठी सॅबिन यांचा सल्ला आराखड्याच्या टप्प्यावरच घेण्यात आला. लाइपझिगच्या गेवांडहाउस सभागृहाची मापे नुसती वाढवल्यास घनफळ शोषणापेक्षा जलद वाढून निनादन लांबेल, हे त्यांनी गणिताने दाखवले आणि त्यानुसार रचना बदलण्यात आली. १५ ऑक्टोबर १९०० रोजी खुले झालेले हे सभागृह आजही जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते. ध्वनीचा दोष नंतरच्या डागडुजीने अनेकदा केवळ सौम्य होतो. उत्तम श्रवणाचा पाया नकाशावरच घालणे श्रेयस्कर, असे या दोन वास्तूंचा इतिहास सुचवतो.