तोंडं किती, कमाई किती, जागा किती?



आज आपण एका कागदाचा इतिहास पाहणार आहोत. बहुतेकांच्या घरी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. रेशनकार्ड. सरकारी भाषेत शिधापत्रिका. सातपूरच्या कामगार वस्तीत "कार्ड आहे का?" आणि "कार्डावर धान्य मिळतं का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे कसे झाले, हेच आपल्याला समजून घ्यायचं आहे.

सुरुवात होते मुंबईत, मे १९४३ मध्ये. महायुद्ध चालू होतं, ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद झाला होता आणि बंगालात माणसं उपासमारीने मरत होती. मुंबईत रेशनिंग आलं. तेव्हा कार्ड देताना मुख्य प्रश्न एकच होता: घरात खाणारी तोंडं किती? श्रीमंत असो की गिरणी कामगार, कार्ड सगळ्यांना. पुढे नियंत्रणं उठली, परत आली, पण तो प्रश्न बराच काळ टिकला.

त्या वेळी आपलं सातपूर हे नाशिकजवळचं शेतीचं गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या वर्षांत इथल्या शेतांवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. १९८२ मध्ये सातपूर नाशिक महापालिकेत आलं. खानदेशातून, मराठवाड्यातून, पेठ-सुरगाण्यातून आणि नंतर उत्तर प्रदेश-बिहारमधूनही माणसं आली.

मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला. लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी त्या पिढीला अजून आठवते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. महागाई आणि रेशन हा स्वयंपाकघरातला विषय त्यांनी राजकारणात आणला.

या काळात कार्ड मिळवण्यातली खरी अडचण पत्त्याची होती. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालक लिहून द्यायला तयार नसे. पत्त्याचा पुरावा म्हणून मागितलं जायचं काय, तर रेशनकार्ड! म्हणजे कार्ड हवं तर पत्ता दाखवा, आणि पत्ता दाखवायला कार्ड आणा. गावाकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, तर एक खाडा आणि एस.टी.चं भाडं. तरीसुद्धा, एकदा कार्ड झालं की दुकानात माल मिळत होता.

१९९७ मध्ये प्रश्नच बदलला. केंद्राने 'लक्ष्यनिर्धारित' व्यवस्था आणली आणि महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डं आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, एक लाख किंवा अधिक असेल तर पांढरं. चारचाकी असलेल्या घराला केशरी नाही, अशीही अट. ज्या सातपुरात गाड्या तयार होतात, तिथल्या कामगाराला विचारलं गेलं, "घरी चारचाकी आहे का?" तोंडं किती हे मागे पडलं. कमाई किती, हे पुढे आलं.

तिसरा टप्पा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याचा. कायदा २०१३ चा, महाराष्ट्रात अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून. हा कायदा मोठा आहे, हे आधी मान्य करू. धान्य ही मेहरबानी न राहता हक्क झाला. प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो. कुटुंबप्रमुख म्हणून अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचं नाव. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

पण याच कायद्याने प्रत्येक राज्याची लाभार्थी संख्या ठरवून टाकली. महाराष्ट्रासाठी सुमारे ७ कोटी. शहरी भागात लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, आणि तीही २०११ च्या जनगणनेवर. कार्यालयात याला 'इष्टांक' म्हणतात. म्हणून आज अर्ज केला की उत्तर मिळतं, "इष्टांक शिल्लक नाही." याचा अर्थ, कुणाचं तरी नाव कमी होईल तेव्हा तुमचं लागेल. शहर वाढतं, आकडा तिथेच. केशरी कार्ड हातात असूनही अनेकांना धान्य नाही, त्याचं कारण हे आहे.

आता कमाईचा हिशेब पाहा. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात त्या वेळी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरली ५९ हजार रुपये. महिन्याला पाच हजारांहूनही कमी. समजा, सातपुरात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एखाद्या बाईला महिना बारा हजार मिळतात. वर्षाचे झाले १ लाख ४४ हजार. १९९९ च्या मोजमापाने ती थेट पांढऱ्या कार्डात! खोलीचं भाडं, मुलांची फी, गावाला पाठवायचे पैसे यांची नोंद त्या रकान्यात कुठेच नाही. मग माणसं काय करतात? उत्पन्न कमी लिहितात. खरं लिहिलं तर धान्य नाही. खोटं लिहिलं तर हमीपत्राखाली सही आपली. प्रामाणिक गरिबाला या पेचात पाडणारा नियम दुरुस्त व्हायला हवा, असं आम्हाला वाटतं.

काही दारं उघडलीही आहेत. २०१९ पासून 'एक देश, एक रेशनकार्ड' टप्प्याटप्प्याने आलं. पेठचं किंवा बिहारचं कार्ड असलेला कामगार सातपूरच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचं धान्य उचलू शकतो, उरलेलं घरचे गावी घेऊ शकतात. फक्त प्रेसवर आणि ग्राइंडरवर घासलेला अंगठा मशीनने ओळखायला हवा! पण ही सोय नाव आधीच यादीत असलेल्यांसाठी. जो यादीतच नाही, त्याचं काय?

२०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न सगळ्या देशाने पाहिला. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना मे आणि जूनसाठी माणशी पाच किलो धान्य जाहीर करावं लागलं. म्हणजे यादीबाहेरही भूक आहे, हे सरकारने दोन महिन्यांपुरतं का होईना, मान्य केलं.

म्हणून शेवटी एवढंच सांगू. अर्ज केला की पोच घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. जिल्हा पातळीवर तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य पातळीवर अन्न आयोग यांची तरतूद कायद्यातच आहे. तोंडी "नंतर या" ची कुठे नोंद होत नाही. लेखी नकारांची चळत साठली, तर इष्टांक कमी पडतोय हे निदान कागदावर दिसेल. आणि मग १९४३ चा साधा प्रश्न पुन्हा विचारता येईल: घरात खाणारी तोंडं किती?