तार, भाव आणि वऱ्हाडचा कास्तकार

नागपूरहून अमरावतीकडे येणाऱ्या हमरस्त्यावर, अमरावतीच्या अलीकडे कांहीं कोसांवर, नांदगांव पेठ हें गांव लागतें. येथील कास्तकारानें आपल्या कापसाचा भाव केव्हां व कोणाकडून जाणावा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल; परंतु वऱ्हाडचा गेल्या पावणेदोनशें वर्षांचा इतिहास पुष्कळसा याच प्रश्नाभोंवतीं फिरला आहे, असें आम्हांस वाटतें.

1853 सालीं वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. त्या काळीं येथील कापूस वंजाऱ्यांच्या बैलांवर लादून मिर्झापूरकडे वा मुंबईकडे जात असे, आणि भावाची बातमीहि बैलांच्याच चालीनें परत येई. बातमी मंद होती खरी. पण ती घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला बहुतेक सारखीच मंद होती. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी माजून तेथील कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्यांनीं हिंदुस्थानकडे तोंड वळविलें, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकीं सोन्याचें मोल आलें. 1865 सालीं तें युद्ध संपलें आणि भाव कोसळले. त्याच वर्षीं इराणच्या आखातांतून टाकलेल्या तारेनें हिंदुस्थान युरोपाशीं जोडला गेला. 1867 सालीं आगगाडी नागपुरास पोचली. 1870 सालीं तांबड्या समुद्रांतून मुंबईपर्यंत समुद्रतार आली, आणि त्याच वर्षीं लॉर्ड मेयो यांनीं खामगांवचा लोहमार्ग खुला केला. महिनाभर बोटीनें येणारी लिव्हरपुलची बातमी आतां कांहीं तासांत येऊं लागली.

पण ती येई कोणाकडे? मुंबईच्या व्यापाऱ्याकडे, आणि तेथून अमरावती-खामगांवच्या अडत्याकडे. कास्तकार रात्रीं गाडी जुंपून पहाटे बाजारांत येई, तेव्हां समोरच्याच्या खिशांत तार असे आणि याच्या पदरीं सावकाराचें देणें. त्या काळच्या बाजारांतून दलाल रुमालाखालीं बोटें दाबून सौदा ठरवीत. माल ज्याचा, त्यालाच आंकडा शेवटीं कळे! सुधारणेचा पहिला लाभ सुधारणेच्या अगदीं जवळ बसलेल्यास मिळतो, हें येथें ढळढळीत दिसतें. गरिबाच्या वांट्यास आलें तें 1879 सालचें पैशाचें कार्ड. त्यानें मुलीच्या सासरचें कुशल कळे. कापसाचा भाव नव्हे.

सरकारास ही गोष्ट अगदींच दिसली नाहीं असें नाहीं. 1886 सालीं कारंजास नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला, आणि 1897 सालीं वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. हिंदुस्थानांत या बाबतींत वऱ्हाडनें पहिलें पाऊल टाकलें, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु त्या बाजारसमित्यांवर व्यापाऱ्यांचाच वरचष्मा राहिला, ही उणीव 1928 सालच्या शेतकी रॉयल कमिशनच्याहि ध्यानांत आली होती.

2013 सालच्या जुलैंत भारतांतील तारसेवा बंद झाली. 2016 सालीं बाजारसमित्या जोडणारी 'ई-नाम' योजना निघाली, आणि याच अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटांत हरिसाल हें 'डिजिटल गांव' म्हणून गाजलें. आज नांदगांवच्या शेताच्या धुऱ्यावर उभें राहून न्यूयॉर्कचा वायदा मोबाइलवर पाहतां येतो. अडत्याच्या खिशांतली तार कास्तकाराच्या हातीं आली आहे. मात्र ज्यांच्या डोक्यावर पेरणीचें कर्ज आहे, ते पुढच्या महिन्याचा चढा भाव डोळ्यांनीं पाहूनहि आजच गाडी रिकामी करितात. कारण उधारीवर बियाणें देणारा दुकानदार तोंवर थांबावयास तयार नसतो.